दोन तोळ्यांचं वेढणं आणि बारा शब्द

२०२१ च्या दिवाळीत आमची भिशी लागली. वीस जणांची, महिना दहा हजाराची, म्हणजे एकरकमी दोन लाख हातात. हप्ता अर्धा माझ्या पगारातनं आणि अर्धा बायकोच्या शिवणकामातनं जायचा, त्यामुळं पैशाचं काय करायचं यावरून जे व्हायचं ते भांडण झालंच आणि शेवटी असं मिटलं की एक लाख तिचे, एक लाख माझे, ज्यानं त्यानं आपल्या अकलेनं कुठंही ठेवा, फक्त तीन वर्षं हात लावायचा नाही. तीन वर्षांनी वरच्या मजल्याचा स्लॅब टाकायचा होता.

ती धनत्रयोदशीला, २ नोव्हेंबरला, सराफाकडं गेली आणि दोन तोळ्यांचं वेढणं घेऊन आली. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, वेढणं म्हणजे चोवीस कॅरेटचं साधं वळं, नक्षी नाही खडा नाही, घडणावळ जवळपास नाहीच, अंगावर घालण्यापेक्षा कपाटात ठेवायलाच जास्त घेतात. तीन टक्के जीएसटी धरून नव्व्याण्णव हजारांच्या आसपास बसलं. उरलेल्या हजारात पणत्या आणि फराळाचं सामान आलं.

मी क्रिप्टो घेतलं.

आता मी अकाउंटला काम करणारा माणूस, दिवसभर दुसऱ्याच्या पैशाचा हिशोब लावतो, पण त्या दिवाळीत वातावरणच तसलं होतं. टी-ट्वेंटी वर्ल्डकप चालू होता आणि दोन ओव्हरच्या मधे कोणतं ना कोणतं क्रिप्टोचं ॲप येऊन तुम्ही अजून कसे मागे आहात ते सांगून जायचं. ऑफिसातली पोरं जेवणाच्या सुट्टीत मोबाईल पुढं करून दाखवायची, हे बघा महिन्यात डबल. सुप्रीम कोर्टानं मार्च २०२० मध्ये रिझर्व्ह बँकेचं २०१८ चं बंदीचं परिपत्रक रद्द केलेलं, त्यामुळं बेकायदेशीर काही नाही एवढं मी वाचून खात्री करून घेतलं होतं. बेकायदेशीर नसणं आणि शहाणपणाचं असणं यात फरक असतो, पण ते सुचायला वेळ लागला.

आमचे मामा त्या दिवाळीला गावी आलेले. आमचा भाग म्हणजे विटा, खानापूर तालुका, इथं घरटी एक माणूस गलाईच्या धंद्यात. जुनं सोनं-चांदी वितळवून शुद्ध करून द्यायचं काम. भारतातल्या कुठल्याही शहरात सराफ बाजाराच्या मागच्या बोळात शिरलात तर भट्टी फुंकणारा माणूस आमच्या भागातला निघतो. मामा चाळीस वर्षं तमिळनाडूत. त्यांना मी मोबाईलवर बिटकॉईन दाखवलं. त्यांनी चष्मा वर करून बघितलं आणि विचारलं, "ह्येचा टंच कसा काढायचा?"

टंच म्हणजे धातूची शुद्धता. मी हसलो. पण नंतर बसून नीट समजावलं, कारण प्रश्न वेडा नव्हता. म्हणलं मामा, २००८ साली सातोशी नाकामोतो नावानं कुणीतरी हे मांडलं, तो माणूस कोण ते अजून कुणाला माहीत नाही, ३ जानेवारी २००९ ला पहिला ब्लॉक, म्हणजे व्यवहारांच्या वहीचं पहिलं पान, निघाला. जगात एकूण २ कोटी १० लाखाच्या वर कॉईन कधीच निघणार नाहीत, साधारण दर दहा मिनिटाला एक ब्लॉक निघतो आणि दर चार वर्षांनी मिळणारे नवे कॉईन निम्मे होतात. आणि सगळी वही जगभर हजारो कॉम्प्युटरवर आहे, खोटा कॉईन कुणी घुसवला तर बाकीचे तो घेतच नाहीत. म्हणजे टंच काढायचं काम प्रत्येक कॉम्प्युटर स्वतःच करत बसलाय.

मामा म्हणले, "म्हंजे खोटं मिसळता येत न्हाई. बरं. आनि वितळवून दुसरं काय करता येतं का ह्येचं?"

"नाही."

"मग लागंल तवा घेनार कोन?"

"बाजारात गिऱ्हाईक असतंय की मामा, चोवीस तास."

"असू दे," म्हणले आणि चहा प्यायला लागले. मला वाटलं मी जिंकलो.

घ्यायची प्रक्रिया तेव्हा सोपी आणि विचित्र होती. ॲप टाकलं, पॅन, आधार, मोबाईलसमोर तोंड वळवून सेल्फी, अर्ध्या तासात केवायसी झालं. पैसे भरायला मात्र नाकी नऊ आले, कारण त्या ॲपवर यूपीआय चालू नव्हतं, बँकेचं नेट बँकिंग कधी चालायचं कधी नाही. मे २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेनं स्पष्ट सांगितलेलं की ते जुनं परिपत्रक दाखवून ग्राहकांना अडवू नका, तरी बँका हात आखडूनच होत्या. शेवटी दोन दिवसांनी आयएमपीएसनं पैसे गेले.

आणि इथं मी पहिली माती खाल्ली. ठरवलं होतं सगळे एक लाख बिटकॉईनमध्ये टाकायचे. पण ॲप उघडलं की वरतीच हिरव्या रंगात शिबा इनू, ऑक्टोबरच्या शेवटी त्याचा भाव गगनाला भिडलेला, आणि रुपयात दशांश चिन्हानंतर दोन शून्य असा भाव बघून डोक्यात असं येतं की हे एक रुपया झालं तर आपण कुठं जाऊ. आता या कॉईनचा जन्म कसा, तर सुरुवातीलाच एकावर पंधरा शून्य एवढे कॉईन काढले, त्यातले निम्मे इथेरियम नावाचं क्रिप्टो काढणाऱ्या विटालिक ब्युटेरिनच्या पत्त्यावर न विचारता पाठवून दिले, त्यानं त्यातले बहुतेक जाळून टाकले, म्हणजे कायमचे बाद केले, आणि बाकीच्यातले बरेचसे मे २०२१ मध्ये आपल्याकडच्या कोविड मदत निधीला दान केले. एवढं सगळं मी वाचलेलं होतं. ज्याला एवढं मिळालं तो दान करून मोकळा होतो ती वस्तू मी ठेव म्हणून घेत होतो. साठ हजारांचं बिटकॉईन, साधारण ४८ लाखाच्या भावानं, म्हणजे ०.०१२५. आणि चाळीस हजारांचा शिबा.

पुढचं वर्ष कसं गेलं ते क्रिप्टो घेतलेल्या कुणालाही विचारा. १ फेब्रुवारी २०२२ च्या बजेटमध्ये अर्थमंत्र्यांनी तीस टक्के टॅक्स लावला. ऑफिसातली पोरं खूश, म्हणे टॅक्स लावला म्हणजे मान्यता दिली. त्याच महिन्यात रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर शक्तिकांत दास म्हणाले की याच्या मागं काही म्हणजे काहीच आधार नाही, ट्युलिपचं फूलसुद्धा नाही. आम्ही ते हसण्यावारी नेलं. मे महिन्यात टेरा-लुना कोसळलं. एका कॉईनची किंमत कायम एक डॉलर राहणार असं सांगत होते आणि तो ठेवला की वर्षाला वीस टक्क्यांच्या आसपास व्याज देत होते, ते आठवड्याभरात कचरा झालं आणि त्याच्याबरोबर सगळा बाजार खाली आला. जूनमध्ये माझ्या चाळीस हजाराच्या शिबाचे चार हजार आठशे राहिले. १ जुलैपासून प्रत्येक विक्रीवर एक टक्का टीडीएस लागणार होता, त्या भीतीनं आणि वैतागानं मी तो विकून टाकला. बायकोला सांगितलं नाही.

मधे एक गोष्ट झाली ती सांगायलाच पाहिजे, कारण "क्रिप्टो म्हणजे स्कीम का" असं कुणी विचारलं की मला तोच हॉल आठवतो. माझा एक चुलतभाऊ, गावाकडं शेती आणि खताचं दुकान, तो मला एका हॉटेलातल्या मीटिंगला घेऊन गेला. शंभरेक माणूस, बाहेर बॅनर, आत एसी, टाय लावलेला माणूस माईकवर. पहिली वीस मिनिटं सगळं बिटकॉईनबद्दल. २ कोटी १० लाख, सातोशी, दहा हजार बिटकॉईनला दोन पिझ्झा घेणारा माणूस, सगळं खरं. मग म्हणाला, ते तुमच्या हातनं सुटलं, आता हा आमचा कॉईन. पैसे लावा, कॉईन "लॉक" करा, रोज थोडे थोडे परत येतील, आणि खाली दोन माणसं जोडलीत तर डावी-उजवी बाजू जुळली की वेगळं कमिशन. वरच्या लेव्हलला दुबई ट्रिप. शेवटी समोसा आणि चहा.

मी त्याला हॉलच्या बाहेर गाठलं आणि एकच गोष्ट मागितली. म्हणलं तुमचा कॉईन कोणत्या ब्लॉकचेनवर, म्हणजे कोणत्या जाहीर वहीत आहे तो पत्ता द्या, मी मोबाईलवर ती वही दाखवणाऱ्या साईटवर, एक्सप्लोररमध्ये, टाकून बघतो एकूण किती आहेत आणि कुणाकडं आहेत. बिटकॉईनचं हे कुणीही बघू शकतं, पैसे लागत नाहीत परवानगी लागत नाही. तो म्हणाला आमचं ॲप आहे, त्यात सगळं दिसतं. म्हणलं ॲपमध्ये तर तुम्ही टाकाल तो आकडा दिसणार. तो हसला आणि म्हणाला सर तुम्ही निगेटिव्ह आहात.

भावाला मी बसवून गणित करून दाखवलं. पुण्याच्या गेनबिटकॉईन प्रकरणाचं सांगितलं. तिथं महिना दहा टक्के, अठरा महिने, असं आश्वासन होतं, नंतर बिटकॉईनऐवजी त्यांचाच एमकॅप नावाचा टोकन लोकांच्या गळ्यात मारला, २०१८ साली पुणे पोलिसांनी सूत्रधार अमित भारद्वाजला अटक केली आणि पुढं केस सीबीआयकडं गेली. अर्थ मंत्रालयानं तर २०१७ च्या डिसेंबरमध्येच पॉन्झी स्कीमसारखा धोका आहे म्हणून पत्रक काढलेलं. भाऊ ऐकत होता आणि मला माहीत होतं की तो ऐकत नाहीये, कारण त्याला जोडणारा माणूस त्याचा सख्खा मेहुणा होता आणि मेहुण्याला पहिले चार महिने पैसे खरोखर आलेले होते. त्यानं तीन लाख घातले. पाचव्या महिन्यात ॲपमध्ये "मेंटेनन्स चालू आहे" असं आलं. त्याच्या मोबाईलवर ते अजून आहे, काढून टाकत नाही. पोलिसात तक्रार द्यायला चल म्हणलं तर म्हणतो मेहुण्याचं नाव द्यावं लागेल. आणि त्या मेहुण्यानं खाली अकरा जण जोडलेत.

त्या कॉईनला टंच नव्हता. बिटकॉईनला आहे, हे मी आजही भांडून सांगीन. पण त्या हॉलमध्ये जे विकलं जात होतं ते बिटकॉईनचीच गोष्ट सांगून विकलं जात होतं, आणि ती पहिली वीस मिनिटं ऐकताना मीसुद्धा मान डोलवत होतो.

नोव्हेंबर २०२२ मध्ये एफटीएक्स बुडालं, ११ तारखेला त्यांनी अमेरिकेत दिवाळखोरी मागितली. तोपर्यंत ते जगातल्या मोठ्या क्रिप्टो एक्स्चेंजमधलं, म्हणजे कॉईन घ्यायच्या-विकायच्या बाजारांमधलं, एक. माझा त्याच्याशी काही संबंध नव्हता पण रात्री झोप लागेना, कारण माझं बिटकॉईनही कुठल्यातरी एक्स्चेंजच्याच कपाटात होतं, माझ्या हातात फक्त त्यांच्या ॲपमधला आकडा. चुलतभावाला जे ऐकवलं तेच मला लागू होत होतं की. भाव तेव्हा १४ लाखाच्या आसपास, म्हणजे माझ्या साठ हजाराचे सतरा-साडेसतरा. मी ठरवलं स्वतःच्या वॉलेटमध्ये, म्हणजे चावी आपल्याच हातात राहते अशा मोबाईलमधल्या पाकिटात, काढायचं.

काढताना फी लागली ०.०००५. ऐकायला काहीच नाही, पण माझ्या एकूणातले चार टक्के. पेन्सिलनं हिशोब करून दोन दिवस थांबलो, मग दात ओठ खाऊन पाठवलं. पत्ता तीन वेळा तपासला, पुढची सहा अक्षरं मागची सहा अक्षरं, कारण चुकीच्या पत्त्यावर गेलं तर मॅनेजरला भेटून अर्ज देता येत नाही, तिथं मॅनेजरच नाही. पाऊण तासानं वॉलेटमध्ये दिसलं. तेव्हा मात्र छाती फुगली. वॉलेटनं बारा इंग्रजी शब्द दिले, म्हणे हे कागदावर लिहून ठेवा, फोटो काढू नका, कुणाला दाखवू नका, हे शब्द म्हणजेच तुमचा पैसा. मी चौकोनी कागदावर बॉलपेननं लिहिले आणि कुठं ठेवू कुठं ठेवू करत शेवटी देव्हाऱ्याच्या खालच्या ड्रॉवरमध्ये, वातींच्या डब्याखाली ठेवले. बायकोचं वेढणं वरच्या कपाटात होतं. ते कुठं आहे हे घरात सगळ्यांना माहीत होतं, माझा कागद कुठं आहे ते फक्त मला. मी गेलो असतो तर संपलंच. हे मी तिला पुढं दोन वर्षांनी सांगितलं.

मग विसरलो. खरंच. २०२३ मध्ये सरकारनं सगळ्या एक्स्चेंजना मनी लाँडरिंगच्या कायद्याखाली आणलं, जुलै २०२४ मध्ये एका मोठ्या भारतीय एक्स्चेंजवर दरोडा पडला आणि ऑफिसातल्या एकाचे सव्वा लाख अडकले, तेव्हा मी वातींच्या डब्याकडं बघून समाधानानं नमस्कार केला होता.

डिसेंबर २०२४. सेंट्रिंग लागलं, सळई बांधून झाली, ठेकेदार म्हणाला शुक्रवारी स्लॅब टाकू, गुरुवारपर्यंत सव्वा लाख द्या, सिमेंट खडी आणि मिक्सरवाला थांबत नाही. आणि नशीब बघा, बिटकॉईननं त्याच महिन्यात पहिल्यांदा एक लाख डॉलर ओलांडले. मी सोमवारी रात्री बायकोला रुबाबात म्हणालो, तुझं वेढणं राहू दे, माझं काढतो.

मोबाईल मधल्या काळात बदललेला. नवीन मोबाईलवर वॉलेट टाकलं, बारा शब्द विचारले. कागद काढला. वातींच्या डब्यातलं तेल दोन वर्षं झिरपून कागदाच्या एका कोपऱ्यात पसरलेलं आणि नववा शब्द शाईसकट विरघळलेला. पहिली तीन अक्षरं तेवढी दिसत होती, एस, टी, ए.

मला जो घाम फुटला तो सांगून कळणार नाही. थंडीचे दिवस, मी बनियनवर. पोरगी तेव्हा बारावीत होती, ती म्हणाली बाबा हे शब्द कुठल्यातरी यादीतले असणार. बरोबर होती. ते शब्द ठरलेल्या २०४८ शब्दांच्या यादीतूनच येतात आणि यादी अशी केलीय की पहिल्या चार अक्षरांवरून शब्द ओळखता यावा. माझ्याकडं तीनच अक्षरं. यादी काढली, एस-टी-ए ने सुरू होणारे दहा शब्द. स्टेबल, स्टेडियम, स्टाफ, स्टेज, असं एकेक घालत गेलो. चुकीचा घातला की बहुतेक वेळा वॉलेट लगेच नाही म्हणतं, कारण शेवटच्या शब्दात सगळ्यांचा मेळ तपासायची सोय असते. सहावा शब्द, स्टॅम्प. उघडलं. (आता ते पाकीट रिकामं आहे म्हणून सांगतो, नाहीतर कुणी असलं सांगत बसू नका.) मी देव्हाऱ्यापुढं हात जोडले, बायको मागं उभी होती, ती म्हणाली, "अहो, तेल त्याच देव्हाऱ्यातलं होतं."

मंगळवारी सकाळी एक्स्चेंजला पाठवायला गेलो तर माझं खातंच बंद. दोन वर्षं व्यवहार नाही म्हणून केवायसी परत करा. केलं तर पॅनवर वडिलांचं नाव मधे पूर्ण आणि आधारवर फक्त आद्याक्षर, नाव जुळत नाही, नापास. परत कागद पाठवले. मग प्रश्न आला की पैसे बाहेरच्या वॉलेटमधून येणार तर ते वॉलेट तुमचंच कशावरून, मूळ खरेदी कधीची, पुरावा द्या. म्हणलं अहो खरेदी तुमच्याच ॲपवरची आहे. ते सांगायला माणूस नाही, चॅटवर एक मशीन, ते दर वेळी "आम्हाला तुमची अडचण समजते" म्हणतं. मी त्यांना पूर्ण दोषही देत नाही, कायद्यानं त्यांना विचारावंच लागतं. पण बुधवार उजाडला आणि माझं एक लाख पाच हजाराचं बिटकॉईन जगातल्या सगळ्या कॉम्प्युटरना दिसत होतं, फक्त विट्यातल्या ठेकेदाराला दिसत नव्हतं.

ओळखीतल्या एकानं सुचवलं, एक्स्चेंज सोड, टेलिग्रामवर माणूस आहे, डॉलरवाल्या टोकनमध्ये करून त्याला दे, तो अर्ध्या तासात खात्यावर पैसे टाकतो, टीडीएस पण नाही आणि भाव पण दोन रुपये जास्त. हे करणारे किती जण आहेत ते बघितलं तर चक्कर येईल. पण याच ओळखीतल्या दुसऱ्या एकाचं बँक खातं सात महिने गोठलेलं मला माहीत होतं. त्याला ज्यानं पैसे पाठवले ते पैसे कुणाला तरी फसवून आणलेले, त्या माणसानं १९३० या सायबर हेल्पलाईनवर तक्रार केली, दुसऱ्या राज्यातल्या सायबर पोलिसांनी पैसा ज्या ज्या खात्यातनं फिरला ती सगळी खाती थांबवली. ह्याचा पगार पण त्याच खात्यात. बँक म्हणते पोलिसांचं पत्र आणा, पोलीस म्हणतात इकडं या. मी नको म्हणलं.

बुधवारी दुपारी बायको काही न बोलता वेढणं घेऊन सराफाकडं गेली. मी सोबत गेलो. त्यानं काट्यावर ठेवलं, वीस ग्रॅम. मशीनखाली धरलं, टंच बघितला, त्याच्याच दुकानाची पावती होती. चोवीस कॅरेटचा भाव त्या दिवशी सत्त्याहत्तर हजाराच्या आसपास, त्यानं थोडी घट धरली, आधारची झेरॉक्स घेतली, चहा मागवला. चहा संपायच्या आत हिशोब झाला, एक लाख एकावन्न हजार, आणि संध्याकाळी पाचला तिच्या खात्यावर जमा. शुक्रवारी स्लॅब पडला.

माझी केवायसी अकराव्या दिवशी पास झाली. फी जाऊन साधारण ०.०१२ उरलेलं, ते ८८ लाखाच्या भावानं विकलं, १ लाख ५ हजार ६०० आले. त्यातनं १,०५६ टीडीएस तिथंच कापला. पैसे खात्यावर आल्यावर बँकेतनं फोन आला की हे कसले पैसे, तो वेगळा अर्धा दिवस.

मग जुलैमध्ये रिटर्न. आमच्या सीएनं आधी फी वाढवून सांगितली कारण साधा फॉर्म चालत नाही, व्हीडीएचं वेगळं परिशिष्ट भरावं लागतं. व्हीडीए म्हणजे व्हर्च्युअल डिजिटल ॲसेट, सरकार क्रिप्टोला असं म्हणतं. विकलेल्या ०.०१२ ची खरेदी ५७,६००, नफा ४८,०००. त्यावर तीस टक्के आणि वर सेस, १४,९७६. कापलेला टीडीएस त्यातच वळता होतो, तेवढाच दिलासा. काढताना दिलेली फी वजा होत नाही, खरेदीची किंमत सोडून काहीच वजा होत नाही. मी म्हणलं, आणि शिबात गेलेले पस्तीस हजार? ते म्हणाले ते विसरा, एका क्रिप्टोचा तोटा दुसऱ्याच्या नफ्यातूनसुद्धा वळता होत नाही, पुढच्या वर्षी ओढता पण येत नाही. बायकोचं विचारलं तर म्हणाले त्यांचं दोन वर्षांच्या वर ठेवलेलं सोनं, साडेबारा टक्के लागला असता, पण त्यांचं बाकी उत्पन्न एवढं कमी आहे की शून्य. क्रिप्टोला ती सवलत पण नाही.

मी पेन्सिलनं मांडलं. बिटकॉईनचे टॅक्स जाऊन साधारण साडेनव्वद हजार, शिबाचे चार हजार आठशे, एकूण पंच्याण्णव हजार. तीन वर्षांपूर्वी घातले एक लाख. सरकारच्या दृष्टीनं मी अठ्ठेचाळीस हजार कमावले, माझ्या दृष्टीनं पाच हजार गमावले, आणि दोन्ही हिशोब बरोबर आहेत.

मग, उगाच दुखणं वाढवायला, दुसरा पण हिशोब केला. पूर्ण एक लाखाचं फक्त बिटकॉईन घेऊन ॲपवर गप्प बसलो असतो तर? एक लाख त्र्याऐंशी हजार झाले असते, टॅक्स जाऊन एक लाख सत्तावन्न. म्हणजे वेढण्यापेक्षा सहा हजार जास्तच. त्यामुळं बिटकॉईन ही फसवणूक आहे असं मी कुणालाही सांगणार नाही, आकडेच तसं म्हणत नाहीत. पण ह्याच दोन वस्तू ठेकेदारानं नोव्हेंबर २०२२ मध्ये मागितल्या असत्या तर वेढण्याचे एक लाखाच्या थोडे वर आले असते आणि माझ्या लाखभर बिटकॉईनचे एकोणतीस हजार. आणि माझ्या वहीत "ठेव" म्हणून ज्याची नोंद होते त्यानं मी मागेन त्या दिवशी यायला पाहिजे, बाजाराला वाटेल त्या दिवशी नव्हे. मामांचा दुसरा प्रश्न तोच होता. लागंल तवा घेनार कोन. मी त्यांना गिऱ्हाईक दाखवलं होतं, वार विचारला नव्हता.

मामांना फोनवर सगळं सांगितलं. त्यांनी शांतपणे ऐकलं, त्या तेलाच्या डागावर मात्र खूप हसले. म्हणले सोन्यावर तेल सांडलं असतं तर पुसून घेतलं असतंस. मग स्वतःच म्हणले, पण लेका, चोराच्या हाती तुझा कागद लागला असता तर त्याला कळलं नसतं काय हाय ते, वेढणं असतं तर घेऊनच गेला असता. हे मला अपेक्षित नव्हतं. गलाईवाल्यानं दरोड्याची भीती चाळीस वर्षं उशाला घेऊन काढलीय, त्याला तो कागद पटला.

चुलतभाऊ परवा भेटला, म्हणाला त्या हॉलमधल्या माणसाचा नवीन कॉईन आलाय, जुन्यांना सवलत आहे. मी गाडीला किक मारली.

आता अडचण दुसरीच आहे. एप्रिल २०२५ मध्ये सोनं तोळ्याला एक लाखावर गेलं आणि तिथं थांबलं नाही. माझे आलेले साडेनव्वद हजार मी मोठ्या मनानं बायकोला द्यायला गेलो, म्हणलं स्लॅबला तुझे गेले, हे घे, उरलेले साठ महिन्या-महिन्यानं देतो. ती मशीनवर ब्लाऊज शिवत होती. पाय थांबवला नाही. म्हणाली, "पैसे नकोत मला. तुम्ही मला दोन तोळे देणं लागता."